पाण्यात उतरणारा रस्ता

सर, यंदा डिसेंबरात आमच्या कॉलेजात शीतकालीन अभ्यासक्रम घ्यायचं ठरलं आणि तो मी घ्यावा हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. विषयही त्यांनीच सुचवला, पाणी मोजण्याचा. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आपने तो खुद किया है ना ये कोर्स, धार में?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे. लिहायला मात्र आज बसले, सगळं आटोपल्यावर. हे तुमच्या हाती पडलं असतं तर आधी तुम्ही ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या असत्या. आम्ही हिंदी शाळेतली मुलं. मराठी घरात बोललो, लिहिली कुठे? आईला चिठ्ठी लिहायची तरी मी हिंदीत लिहायची, आणि तुम्ही ते ऐकून कपाळाला हात लावला होता.

आता असे अभ्यासक्रम पुष्कळ निघालेत. हिवाळ्याच्या सुट्टीत मुलं रजईत पडून, कॅमेरा बंद ठेवून दोन-तीन उरकतात आणि प्रमाणपत्र मोबाइलवर येतं. तेव्हा तसं नव्हतं. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या खाजगी कॉलेजात पाण्याची प्रयोगशाळा होती, पण तिला कायम कुलूप. फळ्यावरच्या पाण्यावरच आम्ही पास होत होतो. तुमच्या शिबिराची सूचना लागली, नाताळाच्या सुट्टीत, धारला, इंजिनिअरिंग आणि बी.एस्सी.च्या मुलांसाठी. बाबांनी धारचं नाव ऐकून लगेच हो म्हटलं, कारण धार म्हणजे त्यांच्या मते आपल्या मराठी माणसांचं गाव. तुम्ही सिंचन खात्यातून निवृत्त झाला होता आणि दर हिवाळ्यात ही आठवड्याभराची शाळा भरवत होता. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगून टाकलंत की मला नावं ध्यानी राहत नाहीत, गावं राहतात. मग मी देवास झाले. एक अमझेरा, एक बदनावर, एक मनावर. आणि मागच्या बाकावरचा लांब हातापायांचा, सतत हसणारा मुलगा सोनकच्छ झाला.

तुमचा क्लास मला अजून तसाच दिसतो. तुम्ही पिशवीतून संत्री काढता आणि आम्हाला चालत मुंज तलावाकडच्या नाल्यावर नेता. संत्रं पाण्यात सोडायचं, ठरलेल्या दोन खुणांमध्ये त्याला किती वेळ लागतो ते पाहायचं, त्यावरून पाण्याचा वेग काढायचा. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्याला वारा लागत नाही, म्हणून संत्रं. काम झालं की ती धुऊन आम्हीच खायची. अमझेऱ्याने विचारलं, "सर, ये सब तो मशीन से भी हो जाता है ना?" तुम्ही म्हणालात, "हो जाता है भिया. पण पानी को हाथ लगाए बिना पानी समझ में नी आता." हे तुम्ही रोज एकदा तरी म्हणायचात. आम्ही तुमची नक्कल करायचो. सोनकच्छ सगळ्यात चांगली करायचा, तुमच्यासारखा चष्मा कपाळावर चढवून.

आम्ही दोघी मुली तुमच्याच घरी उतरलो होतो. काकूंचं स्वयंपाकघर अरुंद, चुलीजागी गॅस आलेला पण धुराचा काळा पट्टा भिंतीवर तसाच. सोनकच्छ संत्र्यांची पिशवी घ्यायला सकाळी यायचा आणि काकू त्याला दारातून जाऊ द्यायच्या नाहीत. त्याच्या वडिलांचं मंडीजवळ खली-सरकीचं, गुरांच्या पेंडीचं, छोटंसं दुकान होतं, घरात मराठीचा एक शब्द नाही. काकू ताटात वाढताना 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणायच्या, तेवढंच मराठी तो शिकला. मग ते त्याने सगळीकडे लावलं. दोरी सोडताना अजून थोडं, चहा ओतताना अजून थोडं, तुम्ही पंधरा मिनिटं सुट्टी दिलीत तरी अजून थोडं. एकदा तो काकूंना म्हणाला, "आंटी, मेरी छोटी बेन को भी लाऊंगा बड़ी होगी तो. वो मेरे से तेज है." काकू म्हणाल्या, "आण हो. तिला बरीक उपाशी नेऊ नकोस इथून."

शेवटून दुसऱ्या दिवशी आपण निसरपूरच्या बाजूला गेलो. खोली मोजणं राहिलं होतं आणि ते तलावात नको, मोठ्या पाण्यात करू, असं तुमचं म्हणणं. निसरपूरच्या अलीकडे एका गावापाशी जीप थांबते. गाव वरच्या नव्या वस्तीत गेलेलं आहे. खाली धरणामुळे नर्मदेचं चढून आलेलं पाणी, त्यात कमरेपर्यंत बुडालेले विजेचे खांब, वाळलेले कडुलिंब. डांबरी रस्ता सरळ जातो आणि तसाच सरळ पाण्यात उतरतो, जणू पलीकडे कुठे त्याचं काम आहे. बारीक थंडी, ऊन पडलेलं, पाणी हलतसुद्धा नाही. मला ती जागा आवडली नव्हती, पण हे मी आता म्हणते आहे. तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढत होते.

तुम्ही रस्त्यावर, गुडघाभर पाण्यात, लाकडी मापपट्टी रोवलीत आणि सगळ्यांना बजावलंत की याच्या पुढे कोणी जायचं नाही. मग नावाड्याच्या होडीत मला आणि अमझेऱ्याला घेतलंत. बाकीचे काठावर, आपली पाळी येईपर्यंत. मी शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडत होते आणि ती तिरकी जात होती. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून ती सरळ कशी धरायची ते दाखवत होता. तुमची पाठ रस्त्याकडे होती. माझीही. होडीच्या लाटेने पट्टी कलली, मग सुटली आणि तरंगत निघाली. सोनकच्छ तिच्यामागे गेला. पायाखाली डांबर होतं, म्हणून त्याला वाटलं असणार की रस्ता आहे तोवर भीती नाही. पुढे जुनी पुलिया, रस्त्याखालची मोरी, खचलेली होती, ती वरून कोणालाच दिसत नव्हती. काठावरची मुलं आधी हसली. त्यांना वाटलं तो मस्करी करतोय. आपण मागे वळलो तेव्हा नुसती पट्टी होती.

नावाड्याने त्याला बाहेर काढलं. तुम्ही रस्त्यावर गुडघे टेकून त्याची छाती दाबत होता, ओले कपडे, चष्मा कुठे पडला कोणास ठाऊक. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. नावाडी शेवटी तुमच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "साब, अब रेन दो." तुम्ही थांबला नाहीत. त्याने तुमचे हात धरले.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पोलिसांचे जबाब, कॉलेजांनी अंग काढून घेणं, आपापल्या मुलांना न्यायला आलेले आईबाप. शिबिर तिथेच संपलं आणि पुन्हा कधी भरलं नाही. बाबा मला न्यायला आले तेव्हा मी काकूंच्या स्वयंपाकघरात होते. तुम्ही पाटावर बसला होता, चहा समोर निवत होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "सर, तुम्ही तर बजावलं होतं. चूक त्याचीच होती." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की बाबासुद्धा दारात थांबले. "देवास, मजसमोर पुन्हा हे बोलू नकोस. पोरगा पट्टी वाचवायला गेला. पट्टी माझी होती." आवाज चढलेला नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण तेवढी खोल कोणतीच गेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे आलात. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, हातात तीच पिशवी. सकाळी सोनकच्छला, त्याच्या घरी जायचं होतं. काकूंनी आधीच आईला फोन करून ठेवला होता, "त्यांना समजवा हो, त्या माणसांच्या दारात कशाला उभं राहायचं?" आईने भाकरी-मेथी वाढताना विषय काढला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, जाणं मला चुकत नाही." आईने मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी तुमच्याबरोबर निघाले. बसमध्ये तुम्ही पिशवी मांडीवर धरून बसलात. मला वाटत होतं ते लोक आपल्याला मारतील. खरं सांगायचं तर मारलं असतं तर ते सोपं गेलं असतं.

त्याच्या वडिलांनी दुकानाची फळी उचलून आपल्याला आत घेतलं. मागे एक खोली, खलीचा वास सगळीकडे. त्याची बहीण पाणी घेऊन आली, दुसरीतली असेल, एक दात पडलेला. आई पडद्याआड होती, बांगड्या वाजत होत्या म्हणून कळलं. वडील समोरच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "सर, मेरे को एक बात बताओ. उसने बोला था क्लास है, सर्दी की छुट्टी में. नदी का नी बोला था. वो वहाँ कर क्या रिया था?"

तुम्ही माफी मागाल असं मला वाटलं. तुम्ही बादली मागितलीत. मुलीने ती भरून आणली. तुम्ही सुतळीला दगड बांधलात आणि त्यांना सांगायला लागलात की पाणी किती खोल आहे हे असं बघतात. दोरी तिरकी गेली तर माप खोटं येतं. काठावरची पट्टी पाण्याची उंची सांगते, म्हणून ती हलता कामा नये. "वो पट्टी को जाने नी देना चाहता था. उसको समझ में आ गया था कि पट्टी गई तो सब नाप गया." मुलीला तो खेळ वाटला. तिने सुतळी हातात घेतली आणि दगड बादलीच्या तळाशी टक्कन वाजला तशी ती खुदकन हसली. पडद्याआड भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि मग रडणं, तोंडात पदर कोंबलेलं. तुम्ही सुतळी खाली ठेवलीत. वडील म्हणाले, "नी सर. पूरा करो. मेरे को पूरा समझना है."

तुम्ही पूर्ण केलंत. त्यानंतर दर वर्षी जात राहिलात. मी पुन्हा आले नाही. आधी परीक्षा होती, मग नोकरी. आई सांगायची, यंदाही सर येऊन गेले, यंदा फार वाळले होते. दर वर्षी त्या वडिलांचं काही ना काही विचारायचं राहिलेलं असायचं आणि तुम्ही समजावून सांगायचात. होडीतून कसं मोजतात, वेग कशाला लागतो, धरण भरतं म्हणजे काय होतं. सोनकच्छच्या त्या खोलीत तुमचं शिबिर चालूच राहिलं होतं, एका विद्यार्थ्याचं. मग एका हिवाळ्यात तुम्ही आला नाहीत. दिवाळीनंतर छातीत कफ झाला आणि इंदूरला नेईपर्यंत संपलं. तेराव्याला मी धारला आले होते. फाटकाबाहेर ते वडील उभे होते, आत यायला तयार नव्हते. मी जवळ गेले तर म्हणाले, "अब कौन बताएगा?" आणि बस पकडायला निघून गेले.

आता यंदाचं सांगते. अभ्यासक्रमाची नावनोंदणी सुरू झाली आणि एके दिवशी तेच वडील माझ्या खोलीत आले, केस पांढरे, मफलर बांधलेला. मी ओळखलं नाही. बरोबर मुलगी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि माझ्या हातातलं पेन टेबलावर ठेवावं लागलं. वडील म्हणाले, "मैडम, इसको आपके कोर्स में बैठना है. इसका भाई भी..." मी म्हटलं, "मालूम है." मग, त्यांना धीर यावा म्हणून, मी घाईघाईने सांगितलं की काही काळजी करू नका, सगळं हॉलमध्ये आहे, पडद्यावर दाखवणार, पाण्यावर कुठेच न्यायचं नाही. त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो पडला. "पानी पे नी ले जाओगे? फिर क्या सिखाओगे? सर तो बोलते थे..." पुढचं त्यांनी म्हटलं नाही. मला ते पाठ आहे. मुलगी खाली बघत होती. मग ती म्हणाली, "मैडम, मम्मी को नी मालूम कि मैं इसमें बैठ रही हूँ. पापा ने बोला है बैठ."

म्हणून मी त्यांना पाण्यावर नेलं, सर. तुमच्या पाण्यावर नाही, तेवढं धैर्य माझ्यात नाही. देवासजवळ क्षिप्रेवर छोटा स्टॉपडॅम, म्हणजे बंधारा आहे, तिथे. लाइफ जॅकेट भाड्याने आणली, काठाला दोर बांधला, दोन पोहणारे ठेवले. पाण्यात कोणी पाय घालायचा नाही, काठावर बांधलेल्या फळीवरून एकेकाने दोरी सोडायची. मुलं वैतागली. एक जण म्हणाला, "मैडम, इत्ते में तो मेरी दादी भी तैर ले." मी हसले नाही. मी पूर्ण वेळ त्यांची डोकी मोजत होते. कोणाची दोरी सरळ गेली, कोणाची तिरकी, मला ठाऊक नाही. एकाने विचारलं, मॅडम, तळाला चिखल असेल तर कुठपर्यंत धरायचं? मी म्हटलं, नंतर सांगते, आधी मागे हो.

तिची पाळी आली तेव्हा मी फळीवर तिच्या मागे उभी राहिले आणि तिच्या जॅकेटचा पट्टा धरला. ती वाकली की मी ओढायची. दोरी सारखी हलत होती. "मैडम, छोड़ो ना. नाप नी आ रहा." मी म्हटलं, "ऐसे ही करो." तिने पुन्हा प्रयत्न केला. वारा होता, दोरी वाकडी जात होती आणि तिला पुढे झुकायलाच हवं होतं. मी झुकू दिलं नाही. शेवटी मी म्हणाले, बस, हो गया, आणि तिला मागे घेतलं. बाकीच्यांचंही तिथेच थांबवलं. चार मुलांची पाळी आलीच नाही.

परत येताना मला तुमचा राग आला. इतकी वर्षं आला नव्हता. त्या वडिलांनी तुम्हाला माफ केलं की नाही ते कोणी विचारलं नाही, पण त्यांनी मुलगी धाडली. मी मात्र बसमध्ये बसून तुमच्याशी भांडत होते, की तुम्ही एकदा, फक्त एकदा मागे वळून का पाहिलं नाहीत. आणि मग आठवलं की माझी दोरी तिरकी होती म्हणून तुम्ही वळला नाहीत. चांगला मास्तर त्या क्षणी दोरीकडेच पाहतो. मी यंदा एकदाही दोरीकडे पाहिलं नाही. सगळे घरी पोचले, आणि शिकवणं वाईट झालं. मला पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील. काय सांगायचं ते ठरत नाही.

हे कागद कुठे धाडायचे नाहीत. धारचं घर विकून काकू भावाकडे गेल्या, आता त्यांना नीट दिसत नाही, आणि त्यांना हे वाचून दाखवायला मी जाणार नाही. पण एक सांगायचं राहिलं. बस देवासच्या जवळ आली होती तेव्हा फोन वाजला. "मैडम, सोनकच्छ से बोल रिया हूँ. बच्ची का फोन बंद आ रहा है. सब ठीक?" मी म्हटलं, सब ठीक, मेरे आगे ही बैठी है. त्यांनी लांब श्वास सोडला. मग लाजल्यासारखं विचारलं, "नापा इसने? कित्ता गहरा निकला?" पुढच्या सीटवर ती वळली. तिला ऐकू जात होतं. मी म्हटलं, "साढ़े तीन मीटर." पलीकडून ते हळूच म्हणाले, "अच्छा. साढ़े तीन." जणू कोणीतरी त्यांच्या हातात काही ठेवलं होतं. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या हातातलं वजन तळाला टेकलंच नव्हतं, सर. आकडा मी मनानेच सांगितला.